घर घेण्याआधी जमीन वाचा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही चपला शोधत होतो, तेव्हा वस्तीतील एक भगिनी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन पुढे आल्या. वय साठीच्या घरात. यजमान एका शाळेत शिपाई होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच ते गेले. पिशवीतून एकेक कागद काढून त्यांनी सतरंजीवर मांडला. शंभर रुपयांचा एक बॉन्ड, त्यावर नोटरीचा लाल शिक्का. घरपट्टीच्या पावत्या, वर्षाप्रमाणे लावून टाचणीने टोचलेल्या. विजेचे बिल. घरासमोर उभे राहून काढलेला यजमानांचा एक फोटो. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोराले बँकेतून लोन पाहिजे. बँकवाला म्हणते, घराचा कागद आना. यातला घराचा कागद कोनता, तेवढं सांगा."

आम्ही चष्मा लावून सगळे कागद दोनदा वाचले. त्यात घराचा कागद नव्हता.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही कारकुनी करणारी माणसे. बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, आणि रविवारी समाजाच्या कामाला वेळ देतो. या कामात जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, निराधार योजनेचा अर्ज हे नेहमीचे. पण अलीकडे गोंडपिपरी आणि आसपासच्या गावांतून जास्तीत जास्त माणसे येतात ती घर-प्लॉटच्या भानगडी घेऊन. आणि येतात ती पैसे देऊन झाल्यावर! पैसे देण्याआधी येणारा माणूस आम्हाला वर्षातून एखादा भेटतो. त्या एखाद्याची संख्या वाढावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या माणसाला घराची ओढ का, हे वेगळे सांगायला नको. गावाच्या मध्ये जागा आपल्याला कधी मिळाली नाही. आजोबांनी गावाबाहेर नाल्याच्या काठी कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वडिलांनी त्यावर कवेलू चढवले, आणि आता नोकरीला लागलेल्या मुलाला रस्त्यालगत स्लॅबचे घर हवे आहे. ही इच्छा रास्त आहे. त्यातच आष्टीच्या पुलापलीकडे कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला, सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावू लागले, आणि चंद्रपूर-अहेरी रस्त्यालगतच्या ज्या पडीकाकडे कोणी पाहत नव्हते तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडू लागले. विकणारा म्हणतो, "आज घ्या, उद्या भाव दुप्पट." आणि आपला माणूस घाई करतो.

शंभराच्या बॉन्डची गोष्ट

त्या भगिनींच्या यजमानांनी २०१२ साली भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून दीड हजार चौरस फूट जागा घेतली. विकणाऱ्याने बॉन्डवर लिहून दिले की, जागा माझ्या कब्जातील आहे, पूर्ण रक्कम मिळाली, यापुढे माझा व माझ्या वारसांचा हक्क राहिला नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. नोटरीने शिक्का मारला. सगळ्यांनी चहा घेतला. यजमानांना वाटले, झाली रजिस्ट्री!

येथेच पहिली आणि सर्वांत मोठी चूक होते. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री नव्हे. नोटरी एवढेच सांगतो की, या माणसाने माझ्यासमोर सही केली. जागा त्याची आहे की नाही, हे नोटरी पाहत नाही आणि पाहण्याचे त्याला कारणही नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा सांगतात. विक्रीचा नुसता करार केल्याने मालकी येत नाही, हेही त्याच जुन्या कायद्यात लिहिले आहे. कोणी म्हणतात, "आम्ही मुखत्यारपत्र करून घेतले आहे." सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले की, मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांची जुडी बांधून घर विकत घेता येत नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक केला. म्हणून आता तोच मजकूर पाचशेच्या कागदावर लिहून मिळतो. कागद महागला, त्याची किंमत काही वाढली नाही.

दुसरी चूक घरपट्टीची. "आम्ही इतकी वर्षे टॅक्स भरतो, मग घर आमचे कसे नाही?" हा प्रश्न आम्हाला रागाने विचारला जातो. राग समजण्यासारखा आहे. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ असो की नगरपंचायतीची कर आकारणी, ती कर कोणाकडून वसूल करायचा याची यादी आहे. अतिक्रमणातील घरावरही कर बसतो. वीज मंडळाचे मीटरही तसेच. मीटर लागले म्हणजे सरकारने मान्यता दिली, असे समजून आपले कितीतरी लोक निर्धास्त झोपले आहेत. आणखी एक गोंधळ: ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा आणि तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा. पहिला घराच्या कराचा, दुसरा एका खातेदाराच्या एकूण जमिनीचा. विकणारे या नावसाधर्म्याचा फायदा घेतात.

जागेच्या मालकीसाठी पाहायचा कागद म्हणजे शेतजमिनीचा सातबारा, आबादीतील वा शहरातील जागेची आखीव पत्रिका, आणि त्यामागची नोंदलेली खरेदीखते. पूर्वी सातबाऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागे. आता तलाठ्याचे नावही ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, आणि डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मोबाईलवर निघतो. पंधरा रुपये! आम्ही त्या भगिनींसमोर तो काढला. वर भोगवटादाराच्या जागी सरकार लिहिले होते, आणि जमिनीच्या वर्णनात दोन शब्द होते: झुडपी जंगल.

झुडपी जंगल म्हणजे काय?

विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल. आपला भाग पूर्वी मध्यप्रांतात होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावाच्या सामायिक जमिनी शासनाकडे आल्या. त्यांतील खुरटी काटेरी झुडपे असलेली, गुरे चरायची, सरपण गोळा करायची जागा महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून लिहिली गेली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा दप्तर जसेच्या तसे सोबत आले. पुढे त्याच जमिनीवर शाळा झाल्या, स्मशाने झाली, सरकारी कार्यालये झाली, पट्टे दिले गेले, आणि बिनपट्ट्याची घरेही उठली. झाड नाही, झुडूप नाही, पण कागदावर जंगल!

मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की, सरकारी नोंदीत ज्याला वन म्हटले आहे ते वनच, मग मालकी कोणाचीही असो. तेव्हापासून नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलाचा प्रश्न लोंबकळत होता. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्यावर निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच आहे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जागा रीतसर दिल्या आणि ज्यांचा वापर बदलला, त्या वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा, अशी वाट खुली ठेवली. त्या तारखेनंतर ज्या अधिकाऱ्यांनी जागा वाटल्या त्यांच्यावर कारवाई व्हावी, असेही म्हटले.

निकाल आला त्या आठवड्यात गावात पेढे वाटणारे आम्ही पाहिले. "सगळी घरे कायम झाली" अशी आवई उठली. तसे झालेले नाही. सवलत आहे ती १९९६ पूर्वीच्या रीतसर वाटपाला. ज्याच्याकडे वाटपाचा आदेश नाही, नुसता कब्जा आहे, त्याच्या घराचे भवितव्य या निकालाने पक्के होत नाही. त्या भगिनींना जागा विकणाऱ्याकडे कुठलाच आदेश नव्हता. त्याने कुंपण घातले, काही वर्षे तूर पेरली आणि मग विकली. आजही आमच्या तालुक्यात अशा जागा विकल्या जात आहेत, आणि विकणारा खिशातून त्या निकालाच्या बातमीचे कात्रण काढून दाखवतो!

म्हणून आमचे सांगणे असे की, जागा पाहायला जाण्याआधी भूमापन क्रमांक मागून घ्यावा. जो तो देत नाही त्याच्याकडे चहाही घेऊ नये. सातबारा काढल्यावर नुसते नाव पाहून थांबू नये. 'इतर अधिकार' या रकान्यात खरा मजकूर असतो. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, "हस्तांतरणास बंदी" हे सारे तिथेच लिहितात. नावाच्या वर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे लिहिलेले असते. वर्ग १ म्हणजे सामान्यतः विकायला मोकळी. वर्ग २ म्हणजे शासनाने अटी घालून दिलेली. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेतली तर शर्तभंग होतो, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. पश्चिम महाराष्ट्रातील आपल्या आप्तांना हे महार वतनाच्या जमिनींमुळे ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाचे विधेयक मांडले, १९५८ च्या कायद्याने ती वतने संपली, आणि फेरवाटपाने आलेल्या जमिनींवर विक्रीची बंधने राहिली. ज्या शर्तीने आपल्या माणसाची जमीन लुबाडली जाऊ नये असे ठरले, तीच शर्त न वाचता दुसऱ्याची जमीन घेऊन आपलाच माणूस फसतो.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. स्वस्तात मिळते म्हणून आदिवासी बांधवांची जमीन बॉन्डवर घेणारे आपल्या समाजातही आहेत. जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ, जे १९७४ पासून आहे, ते सांगते की आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि विक्रीसाठी शासनाची पूर्वमान्यताही लागते. बेकायदा व्यवहार सिद्ध झाला तर जमीन मूळ मालकाला परत जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा तर कोणालाच विकता येत नाही. तो वारसाला जातो, बाजारात येत नाही. धाबा, तोहोगावकडे काय किंवा वैनगंगेपलीकडे चामोर्शी, अहेरीकडे काय, असे पट्टे आहेत आणि ते विकायला निघाल्याचे आम्ही ऐकतो. एका बांधवाने आम्हाला विचारले, "तो स्वखुशीने देतो, मग कायद्याचे काय?" आम्ही म्हटले, दारूच्या उधारीत आणि दवाखान्याच्या बिलात दिलेली जमीन स्वखुशीची नसते. हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायला हवे काय?

आमचीही फजिती

वाचकांना वाटेल, हे कारकून महाशय स्वतः मोठे शहाणे असतील. आमचीही कथा सांगतो. २०१३ मध्ये आम्ही दोन भावांकडून एक प्लॉट घ्यायचे ठरवले. जमीन वर्ग १ होती, एनए होती, बोजा नव्हता. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे. आम्ही खूष! इसार म्हणून दीड लाख रुपये दिले. त्यातले साठ हजार सौ.च्या कानातले आणि पोत गहाण ठेवून उभे केले होते. खरेदीच्या आठ दिवस आधी वकिलाची नोटीस आली. या भावांना दोन बहिणी होत्या. वडील वारल्यावर फेरफार करताना त्यांची नावे टाकलीच नव्हती. मोठी बहीण सिरोंच्याकडे दिली होती, तिला कोणी विचारलेही नव्हते.

आम्ही आधी तिच्यावर चिडलो. मग तिचे म्हणणे ऐकले. ती म्हणाली, "दादा, माझ्या बापाची जमीन तुम्ही माझ्या सहीशिवाय घेतली असती, आणि मी गप्प बसले असते, तर तुम्हाला बरे वाटले असते का?" यावर काय बोलणार! महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मतःच आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचे फळ आपल्या बहिणींना मिळू नये म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठे घेणारे भाऊ जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतात. असो.

आमचा व्यवहार अडीच वर्षे रखडला. बहिणींचा वाटा ठरला, आम्हाला सत्तर हजार रुपये जास्त मोजावे लागले, आणि त्या काळात सौ.ने कानात काड्या घातल्या. चूक एवढीच होती की, आम्ही सातबारा पाहिला, पण त्यावरचा फेरफार क्रमांक पाहिला नाही. फेरफार नोंदवहीत कोण वारले, वारस कोण लागले हे लिहिलेले असते. तो उतारा मागावा, आणि गावात दोन घरी सहज विचारावे, "यांना बहिणी किती?" वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. त्याच्या फीला आपले लोक कचरतात. लाखाची जागा घेणारा माणूस दोन-तीन हजार रुपयांची घासाघीस करतो, आणि तेवढेच पैसे गृहप्रवेशाच्या मंडपावर उडवतो.

तुकड्याचे भाव

"शेतातला दीड गुंठा घ्या, पुढे एनए होईल," हे वाक्य ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतीचा ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा सुटा विकता येत नाही. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरवले गेले. म्हणून असे तुकडे रजिस्ट्रीविना बॉन्डवर विकले जातात, किंवा वीस जणांच्या नावे मिळून एक खरेदीखत होते आणि कोणाचा कोपरा कोणता यावर पुढे दहा वर्षे डोकी फुटतात. २०२५ मध्ये शासनाने जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी कायद्यात बदल केला. ज्यांची घरे अशा तुकड्यांवर आधीच उभी आहेत त्यांनी तहसीलमध्ये जाऊन आपले प्रकरण त्यात बसते का, हे जरूर विचारावे. पण आज नवा तुकडा घेताना "तोही नियमित होईल" या आशेवर पैसे टाकू नयेत.

लेआऊट पाडलेला असेल तर मंजूर नकाशा मागावा आणि त्यावर आपला प्लॉट बोटाने दाखवायला सांगावा. खेळासाठी सोडलेली मोकळी जागा आणि रस्त्याचा तुकडासुद्धा प्लॉट म्हणून विकल्याचे प्रकार घडतात. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणाऱ्यास महारेरात नोंदणी करावी लागते. मुलाने नागपुरात वा चंद्रपुरात फ्लॅट घ्यायचा म्हटले, तर तिथेही हाच महारेराचा क्रमांक आधी पाहावा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

मोजणी मात्र जागा घेण्याआधीच करून घ्यावी. भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरले की भूमापक येतो आणि 'क' प्रत मिळते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना "पूर्वेस रस्ता" लिहितात, आणि प्रत्यक्षात तो रस्ता दुसऱ्याच्या धुऱ्यावरून गेलेला असतो. पुढे त्याने काटे टाकले की बैलबंडी काय, सायकलही जात नाही.

दाराची दिशा आणि नाल्याची दिशा

आपण वास्तुशास्त्र मानत नाही, निदान तसे सांगतो. तरी दार दक्षिणेला नको म्हणणारे बांधव आम्हाला ठाऊक आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, दाराच्या दिशेऐवजी नाल्याची दिशा पाहावी. जागा उन्हाळ्यात पाहतात. तेव्हा सगळीच जागा कोरडी असते! एकदा श्रावणात जाऊन पाहावी. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावे, जुलै २०२२ च्या पुरात पाणी कुठवर आले होते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या बेचक्यात आपला तालुका आहे. दोन्ही नद्या एकदम फुगल्या की नाले उलटे वाहतात. काळ्या मातीत पाया किती खोल घ्यावा, हे गवंड्याला विचारून मगच बजेट ठरवावे. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तीन वर्षांत भिंत तडकते.

आणि जमिनीखाली काय आहे? आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न विनोदाचा नाही. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाणपट्ट्यात, मग ते घुग्घुस असो, बल्लारपूर असो की राजुरा, जागा घेताना खाली जुनी खाण आहे का आणि कोळशासाठी संपादनाची अधिसूचना निघाली आहे का, हे दोन्ही विचारावे.

पैशांबद्दल थोडे, कारण आमचे शिक्षण त्यातले. वीस हजार वा त्याहून जास्त रक्कम जागेच्या व्यवहारात रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. इसारही चेकने वा खात्यातूनच द्यावा. विकणारा रोख मागतो म्हणून आपण देतो, आणि कोर्टात तो म्हणतो, मिळालेच नाहीत. कर्ज घेताना नुसता हप्ता पाहू नये. दहा लाख रुपये नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ९,००० येतो आणि एकूण परतफेड साडेएकवीस लाखांच्या वर जाते. तेच पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे १०,१५० येतो, म्हणजे महिन्याला साडेअकराशे जास्त, पण शेवटी तीन लाख तेहतीस हजार वाचतात. लग्नात, बारशात, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवर आपण वर्षाला किती देतो, ते घरच्यांना बसवून एकदा लिहून काढावे. बँक कर्ज नाकारते तेव्हा आपले लोक संतापून बचतगटाचे किंवा खासगी सावकाराचे पैसे उचलतात. बऱ्याचदा बँकेने नाकारले ते कागद पाहूनच नाकारलेले असते. तो नकार म्हणजे फुकट मिळालेला वकिलाचा सल्ला समजावा.

खरेदी झाली की काम संपले, असेही नाही. फेरफार नोंदवून सातबाऱ्यावर वा आखीव पत्रिकेवर नाव चढेपर्यंत पाठपुरावा करावा. आणि नाव कोणाचे? आमच्या घरी ठरले तेव्हा सौ.ने एकच वाक्य टाकले: "पोत माझी, नाव कोणाचे?" रजिस्ट्री दोघांच्या नावे झाली. राहते घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. वनहक्काचा पट्टा तर विवाहितांना कायद्यानेच पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतो. जंगलातल्या झोपडीला जे लागू आहे, ते आपल्या स्लॅबच्या घराला का नको?

त्या भगिनींचा अर्ज आम्ही तहसील कार्यालयात दिला आणि शिक्क्याची पोच घेतली. काय होईल ते आम्ही त्यांना खोटे सांगितले नाही. मुलाला बँकेचे कर्ज मिळाले नाही. तो आता चंद्रपूरला एका दुकानात कामाला आहे आणि धंद्यासाठी पैसे साठवतो आहे. त्यांच्या घराला लागून त्याच झुडपी जमिनीचा आणखी एक तुकडा विकायला निघाला आहे. मागच्या महिन्यात एक नवे जोडपे तो पाहायला आले आणि पाण्याची चौकशी करायला त्यांच्याच दारात थांबले. त्यांनी दोघांना आत बोलावले, पाणी दिले, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून पंधरा रुपयांचा सातबारा काढून त्यांच्या हातात ठेवला.